ऑस्टिनची खडखड

हन्नाबाईला त्या गाडीचा मनापासून राग होता आणि तो तिनं कधी लपवलाही नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली ती काळी ऑस्टिन म्हणजे तिच्या लेखी कोंबड्यांचं खुराडं. मागच्या सीटवर कोंबड्या बसत, आणि रोज सकाळी अंडी काढायला दार उघडलं की हन्नाबाई गाडीला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहत नसे. "बसलीये बघ, महाराणी!" असं काहीतरी. त्या गाडीनं तिचा नवरा नेला होता. म्हणजे तो गेला एसटीनंच, पण गेला गाडीपायी.

नवरा प्रभुदास हा मिशनच्या दवाखान्यातल्या मडमसाहेबांचा ड्रायव्हर. मडमसाहेब कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा जुनी ऑस्टिन त्याला देऊन गेल्या. पुढं राहुरीच्या अलीकडच्या या टेकाडवाडीत कुणाच्या घरी बाई अडली की ऑस्टिन, कुणाची नवरी निघाली की ऑस्टिन. निम्मं गाव त्या गाडीत एकदा तरी रडलं असेल. दिवेलागणीला प्रभुदास घरी यायचा तो डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागायचा, ओढ्यावरच्या मोरीपाशी गिअर बदलायचा, तेव्हा इंजिनाला एक उचकी लागायची. मग फाटकापाशी येऊन गाडी चालूच ठेवून दोनदा बारीक हॉर्न. फाटकाची कडी आतून होती. हन्नाबाईनं पदराला हात पुसत यायचं आणि कडी काढायची. खाली उतरून हात घालून त्यालाही काढता आली असती, पण नाही. बायकोनंच यायला हवं. त्यात त्याला काय सुख होतं ते देव जाणे, पण तिलाही त्याची सवय लागली होती.

पुढं पुढं इंजिन खडखडायला लागलं. लोखंडी घमेल्यात गोटे घालून हलवावं तसा आवाज, तो मोरीच्याही पलीकडून ऐकू यायचा. हन्नाबाईनं टुमणं लावलं. "गावाला कळतंय तुमी आला म्हून. आधी ती खडखड बंद करा, मग घरात या." शेवटी एका सकाळी प्रभुदासनं इंजिन उघडलं, चारातल्या एका पिस्टनचा दांडा बाहेर काढला. दांड्याच्या खालच्या गोल डोक्यातलं पांढरं धातूचं अस्तर झिजून गेलं होतं. नगरला नेऊन नवं ओतून घ्यायचं, एवढंच काम. हन्नाबाईनंच आपल्या जांभळ्या लुगड्याचा तुकडा टरकावून दिला. त्यात दांडा गुंडाळून काखेत मारून तो निघाला. "सांजच्याला येतो. कडी काढायला ये," म्हणाला.

आला नाही. मुलगा जोशुआ तेव्हा पहिलीत होता.

हन्नाबाईच्या भावानं नगर पालथं घातलं. तिथं लेथवाले का थोडे आहेत? कुणाला काही आठवेना. पोलिसांनी दोन-चार वेळा हेलपाटे घालायला लावले आणि मग ओळख दाखवायची बंद केली. गावानं मात्र निकाल देऊन टाकला. कुणी त्याला मुंबईत पाहिलं, कुणी सोलापुरात, आणि प्रत्येकाच्या पाहण्यात त्याच्याशेजारी एक बाई होती. टेकाडवाडीच्या ख्रिस्ती देवळात माणूस गेलं की मरणाची घंटा वाजते, वयाच्या वर्षाला एक ठोका. प्रभुदाससाठी ती वाजली नाही. वाजवणार तरी कशी? हन्नाबाईच्या गळ्यात काळे मणी आणि त्यातला छोटा क्रूस तसाच राहिला. विधवा म्हणावं तर घंटा झालेली नाही, सौभाग्यवती म्हणावं तर नवरा नाही. मग उरला तो एकच शब्द, आणि बाया तो तिच्या पाठीमागं वापरायच्या: टाकलेली. ती पाळकसाहेबांशी मोठ्यानं बोलायची, बाजारात भांडून भाजी घ्यायची, पण त्या एका शब्दानं तिला आतून पोखरून काढलं होतं. मेला असेल तर मेला म्हणून रडता तरी आलं असतं. टाकून गेला असेल तर शिव्या देता आल्या असत्या. तिला दोन्ही करता येत नव्हतं.

आता जोशुआ साखर कारखान्यात फिटर झाला होता. एक दिवस पाळीवरून आला आणि शेडसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आई, बाबांची गाडी मी चालू करनार."

"मंग कोंबड्या काय तुझ्या डोक्यावर बसवू?"

"थट्टा न्हाई. लोक काय म्हनत्यात ते मला बी ऐकू येतंय. त्यांचा दुसरा काई ठेवा न्हाई आपल्यापाशी. एक गाडी हाय, ती बी कुजतीय."

 हन्नाबाईनं सीटवरची अंडी टोपलीत भरली आणि कोंबड्या हुसकल्या.

इंजिन बाहेर काढायचं तर उचलायला काहीतरी हवं. छगन विहिरी खोदायचा. त्याच्याकडं यारी होती: विहिरीच्या तोंडाशी उभी करतात ती, एक खांब, एक आडवा लांब दांडा, हातानं फिरवायचं चाक आणि तारेचा दोर. दगडांनी भरलेली पाटी तळातून वर येते ती त्याच्यावर. जोशुआच्या सुट्टीच्या दिवशी छगननं ती शेडसमोर रोवली, चाकाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. हन्नाबाई ओट्यावरून बघत होती.

"बाई, एक सांगून ठिवतो," छगन म्हणाला. "यारीला काई लटकलं आसंल तवर कुनाचं नाव घ्यायचं न्हाई. 'वढ' म्हना, 'सोड' म्हना. नाव न्हाई."

"का रे बाबा?"

"खाली कोन ऐकत आसतंय, आपल्याला काय ठावं? नाव घेतलं की त्ये बी वर येतंय."

"आमी ख्रिस्ती मानसं, छगन. आमाला न्हाई लागत तुझं ते."

"यारी तर माझी हाय ना?" छगन म्हणाला, आणि चाकाला हात घातला.

दोर ताणला. गंजलेले नटबोल्ट जोशुआनं आधीच सोडवले होते. इंजिन जरा कुरकुरलं आणि बॉनेटखालच्या अंधारातून वर यायला लागलं. काळं, चिकट, उंदरांच्या घरट्यांनी भरलेलं. जोशुआ खाली वाकून एक पाइप सोडवत होता. त्यानं अंगात बापाचा जुना खाकी शर्ट घातला होता, काम करताना खराब झाला तरी चालेल म्हणून. आणि तेवढ्यात दोर चाकावरून निसटला. इंजिन हातभर खाली आलं, झुललं, थेट त्याच्या पाठीच्या रोखानं.

हन्नाबाईला ओरडायचं होतं "जोशुआ!" पण खाकी शर्टातली ती वाकलेली पाठ, तो मानेवरचा भोवरा, आणि तोंडातून निघालं ते दुसरंच.

"प्रभुदास!"

जोशुआ बाजूला उडाला. छगननं छाती लावून चाक आवरलं. कुणाला खरचटलंही नाही. पण छगनचं तोंड उतरलं होतं आणि हन्नाबाईचंही. नवऱ्याचं नाव घेऊ नये असा कायदा बायबलात नाही, पण टेकाडवाडीत होता. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते नाव आज पहिल्यांदा घेतलं होतं, आणि घेतलं ते यारीला इंजिन लटकलेलं असताना. छगननं इंजिन ओट्यावरच्या पोत्यांवर टेकवलं, यारी उपटली, आणि चहाला न थांबता निघाला.

"नाव घ्यायला नको हुतं, बाई," एवढंच फाटकातून वळून म्हणाला.

त्याच दिवशी, दिवे लावायच्या वेळी, हन्नाबाई कंदिलाची काच पुसत होती. वीज नेहमीप्रमाणं गेलेली. तेव्हा डांबरी रस्त्यावरून एक गाडी कच्च्याला वळल्याचा आवाज आला. तिचा हात थांबला. गाडी मोरीपर्यंत आली, गिअर बदलला, इंजिनाला उचकी लागली. आणि आवाज तिथंच बंद पडला.

ती फाटकाशी गेली. मोरीपर्यंतचा रस्ता रिकामा होता. ओट्यावर ऑस्टिनचं इंजिन पोत्यांवर पडलेलं होतं, नटबोल्टांचं भोक नि भोक रिकामं दिसत होतं. "कुनाची तरी जीप आसंल," ती स्वतःलाच म्हणाली. शिवाय त्या आवाजात खडखड नव्हती. प्रभुदासची गाडी आणि खडखड नाही, असं कसं होईल?

पुढं रोज पाळीवरून आल्यावर जोशुआ इंजिनाला भिडायचा. रॉकेलच्या घमेल्यात एकेक भाग धुऊन काढायचा. अडकून बसलेल्या पिस्टनांवर डिझेल ओतून ठेवलं, लाकडी ठोकळा लावून हलक्या हातानं ठोकत ठोकत तीनही मोकळे केले. चौथा पिस्टन फडताळात पुरुषाच्या मुठीएवढा एकटाच पडून होता, दांड्याशिवाय. व्हॉल्व्ह घासताना ओट्यावरून घसघस आवाज यायचा आणि हन्नाबाई भाकरी थापता थापता तो ऐकायची. खोटं कशाला, तिला तो आवडायला लागला होता. घरात पुरुष काम करतोय असा तो आवाज होता.

पण संध्याकाळचा दुसरा आवाज चुकत नव्हता. आणि इंजिन जसं जुळत होतं तसा तो जवळ येत होता. तीन पिस्टन बसले त्या दिवशी मोरी ओलांडून वाटेवरच्या चिंचेपर्यंत आला. व्हॉल्व्ह बसले तेव्हा घराअलीकडच्या उसापर्यंत. हन्नाबाई जोशुआला काही बोलली नाही. तोही बोलत नव्हता. पण दिवेलागणीला त्याचा पाना थांबायचा आणि तो मान वर करायचा नाही. तेव्हा तिला कळलं की पोरालाही ऐकू येतंय.

एकदा तर तिनं डोळ्यांनी पाहिलं. कारखान्याकडं उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, एकामागं एक. मागून आवाज आला तसे सगळे गाडीवान बैलांना 'हो हो' करत कडेला घ्यायला लागले. वाट करून दिली, मोटारीला देतात तशी. रस्त्याच्या मधून धूळ उठत पुढं आली, तिच्या घराच्या रोखानं, आणि बाभळीपाशी येऊन खाली बसली. गाडीवानांनी एकमेकांकडं बघितलं. त्यातल्या म्हाताऱ्यानं मुंडासं काढून पुन्हा बांधलं, आणि सगळ्यांनी बैल हाकले.  हन्नाबाई ओट्यावर बसली ती जोशुआनं पाणी आणून देईपर्यंत उठली नाही.

आता इंजिन एका दांड्यापायी अडलं. जोशुआ नगरचा जुना बाजार फिरला, पुण्याचा फिरला. असल्या गाडीचा दांडा कुणी पाहिलाही नव्हता. चौथं भोक तसंच उघडं ठेवून त्यानं इंजिनावर फडकं टाकलं. आणि त्या संध्याकाळी आवाज फाटकापाशी आला.

तिथं तो थांबला. बंद झाला नाही. गाडी चालू ठेवून कुणी वाट बघत बसावं तसा, शांत, एकसारखा. मग हॉर्न. दोनदा, बारीक.

जोशुआनं आईचा हात घट्ट धरला. फाटकाच्या फळ्यांमधून पलीकडची बाभळ दिसत होती, आणि मध्ये काहीच नव्हतं. कोंबड्या एकमेकींना चिकटून कोपऱ्यात बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं आवाज वळला आणि दूर गेला.

दुसऱ्या दिवशी हन्नाबाईनं छगनला गाठलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कडी काढू नका," तो म्हणाला. "तुमी नाव घेऊन बोलावलंय. आपनहून त्येला आत येता येत न्हाई म्हून फाटकात उभं ऱ्हातंय. उघडलं की तुमच्या मर्जीनं आलं."

"पर त्येच आसतील तर?"

"आन नसतील तर?"

हाच तर प्रश्न होता. हन्नाबाई दिवसभर कामात चुकत राहिली. भाताला मीठ दोनदा घातलं. उचकी त्याची, हॉर्न त्याचा, थांबणं त्याचं. पण खडखड कुठं होती? त्याच्या गाडीची खरी खूण तीच. दुसरंच कुणीतरी त्याच्या सवयी पांघरून आलं असेल तर? आणि घरात तरणा मुलगा. तिला भीती वाटत होती. आणि त्या भीतीच्या तळाशी दुसरी एक होती: आपण कडी काढली नाही, आणि आवाज यायचाच बंद झाला तर? मग पुन्हा जन्मभर टाकलेली.

संध्याकाळी तिनं तोंड धुतलं, केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसली. जोशुआ बघत होता.

"आई, नको."

"तू ओट्यावर थांब. खाली उतरू नको."

आवाज मोरीवर आला, उचकी लागली, चिंच, ऊस, बाभळ. फाटकाशी थांबला. दोनदा हॉर्न. हन्नाबाईनं मनात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं आणि ते अर्ध्यातच विसरली. पदराला हात पुसत ती गेली. हात कोरडेच होते, पण सवय. कडी काढली, फाटकाचं पान ओढून स्वतः भिंतीला लागून उभी राहिली, पूर्वी राहायची तशी.

आवाज तिच्या जवळून आत आला. पोटऱ्यांना गरम झळ लागली. पेट्रोलचा वास, आणि त्याच्यामागं बिडीचा अगदी पुसट. मातीवर काही उमटलं नाही. शेडपर्यंत आवाज गेला, तिथं बिनइंजिनाची ऑस्टिन उभी होती, तोंड उघडं टाकून. तिच्यापाशी जाऊन क्षणभर घुमला आणि चावी फिरवल्यासारखा बंद झाला. मग गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. तो तर जोशुआनंही स्पष्ट ऐकला.

 हन्नाबाईच शेडकडं गेली. ड्रायव्हरच्या सीटवर, सकाळी तिनं स्वतः झटकलेल्या सीटवर, एक बोचकं होतं. जांभळ्या लुगड्याचा तुकडा, तेलकट झालेला. काठाची टरकावलेली कड तिनं ओळखली, तिच्याच हाताची होती. तिनं तो उचलला, आणि तो उबदार होता.

"जोशुआ," ती म्हणाली, "कंदील आन."

उजेडात त्यानं फडकं सोडलं. दांडा. त्यानं खालच्या गोल डोक्यावरून अंगठा फिरवला आणि श्वास घेतला.

"आई, नवं अस्तर ओतलंय. घासून, बरोब्बर मापात. झिजलेलं न्हाईच हे. ह्याच्यावर खडखड कशी व्हईल?"

हन्नाबाईनं दांडा त्याच्या हातून घेतला आणि मांडीवर घेऊन बसली. आता सगळं उमगलं. खडखड नव्हती, कारण तो ती काढून आला होता. तिनं सांगितलं होतं तसं. नगरला गेला, दांडा करून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि परतीला लागला. बायकोला टाकून जाणारा माणूस बायकोची कटकट मिटवायला दुपारभर लेथवाल्याच्या दारात बसत नाही. वाटेत कुठं, काय, ते तिला कधी कळणार नव्हतं. पण तो घरी यायला निघाला होता, एवढं तिच्या मांडीवर पडलेलं होतं, गरम. मग ती रडली, इतक्या वर्षांचं साठलेलं, मोठमोठ्यानं, शेजारीपाजारी येईपर्यंत.

दांडा असा बसला की जोशुआला कुठं कानसही लावावी लागली नाही. यारी लावायला छगन पुन्हा आला तो दबकत. इंजिन आत उतरेपर्यंत तिघांपैकी कुणी तोंडातून शब्द काढला नाही. हँडल मारल्यावर ऑस्टिन खोकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली. हन्नाबाई कान देऊन ऐकत होती. शांत, एकसारखा आवाज. तोच.

त्या दिवसापासून संध्याकाळचा तो आवाज पुन्हा रस्त्यावर आला नाही.

मग एका सकाळी जोशुआनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं. सीटवरची पिसं अजून पुरती निघाली नव्हती. हन्नाबाई बसली, लुगडं आवरलं, आणि म्हणाली, "देवळाकडं घे." मोरीपाशी जोशुआनं गिअर बदलला आणि इंजिनाला उचकी लागली. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

देवळाचं बघणारा म्हातारा सहादू गाडीचा आवाज ऐकून डोळ्यांवर हात धरत बाहेर आला. हन्नाबाई खाली उतरली. गळ्यातले काळे मणी तिनं मुठीत धरले होते.

"सहादूबाबा, घंटा वाजवायची हाय. आमच्या मानसांची."

सहादूनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.  दोर सोडवायला गेला, आणि तिथून वळून म्हणाला, "बाई, ठोके किती? गेले तवाचं वय धरू का आजचं?"

"गेले तवाचं," हन्नाबाई म्हणाली. "त्याच दिवशी सांजच्याला माघारी निघाले हुते ते. कडी काढायला मलाच उशीर झाला."